मुखवट्याचा हात : डिस्नीलँडमधील जुन्या नृत्यछायाचित्रांचे एक वाचन

प्रस्तावना

करमणूक उद्यानात काढलेले हौशी छायाचित्र हा गंभीर समीक्षेचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न प्रस्तुत लेखाचे शीर्षक वाचताच काहींच्या मनात येईल. साहित्य, नाटक आणि चित्रपट यांची समीक्षा आपल्या विद्यापीठीय परंपरेत आता चांगलीच स्थिरावली आहे. कौटुंबिक आल्बममधील छायाचित्र मात्र त्या आल्बमबाहेर फारसे आलेले नाही. ते खासगी असते, त्यात कलाहेतू नसतो आणि ते काढणाऱ्याचे नाव बहुधा कोणाला ठाऊक नसते. असे असूनही एखाद्या काळाने आनंदाची कल्पना कशी केली, त्या आनंदात कोणाला सामावून घेतले आणि कोणाला वगळले, याची साक्ष अशी छायाचित्रे जितक्या सहजपणे देतात तितकी ती घोषित कलाकृतीही देत नाही.

प्रस्तुत लेखात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात ॲनाहाइम येथे १७ जुलै १९५५ रोजी सुरू झालेल्या डिस्नीलँड या उद्यानातील जुन्या छायाचित्रांचा एक विशिष्ट गट अभ्यासासाठी घेतला आहे. मिकी माउस, मिनी, गूफी, प्लूटो, हिमगौरीचे सात बुटके इत्यादी पोशाखी पात्रे उद्यानात आलेल्या लोकांसोबत नाचत आहेत, असे दृश्य या छायाचित्रांत असते. १९५५ ते साधारण १९८५ हा तीस वर्षांचा कालखंड येथे विचारात घेतला आहे. ही छायाचित्रे आज पाहिली जातात ती प्रामुख्याने स्मरणरंजनाच्या अंगाने. ‘काय ते दिवस होते’ हा त्यांना मिळणारा सर्वसाधारण प्रतिसाद होय. तो प्रतिसाद खोटा नाही, परंतु अपुरा आहे. या छायाचित्रांत वरवर पाहता दोन व्यक्ती दिसतात : पाहुणा आणि पात्र. वस्तुतः त्यांत तीन व्यक्ती असतात. पात्राच्या आत असलेली तिसरी व्यक्ती ध्यानात घेतल्याशिवाय या छायाचित्रांचे वाचन पूर्ण होत नाही, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

१. छायाचित्राचे स्वरूप आणि साधनाच्या मर्यादा

कोणत्याही छायाचित्राचे वाचन त्याच्या भौतिक साधनापासून सुरू करणे इष्ट ठरते. विचाराधीन कालखंडातील पुष्कळशी रंगीत छायाचित्रे कोडॅक्रोम या फिल्मवर काढलेल्या पारदर्शिकांच्या, म्हणजे स्लाइड्सच्या, स्वरूपात आहेत. त्यांच्या पुठ्ठ्याच्या चौकटीवर अनेकदा महिना व वर्ष छापलेले आढळते. येथे अभ्यासकाने एक सावधगिरी बाळगली पाहिजे. हा महिना फिल्म धुतल्याचा असतो, छायाचित्र काढल्याचा नसतो. उन्हाळ्याच्या सुटीत काढलेले छायाचित्र नाताळच्या फिल्मसोबत धुतले गेले असल्याची शक्यता नेहमीच राहते. म्हणून केवळ चौकटीवरील शिक्क्याच्या आधारे एखाद्या पोशाखाचा वा कार्यक्रमाचा काळ ठरवणे धोक्याचे आहे.

दुसरी मर्यादा प्रकाशाची होय. सुरुवातीच्या कोडॅक्रोमची प्रकाशसंवेदनक्षमता केवळ १० होती. १९६१ मध्ये आलेल्या सुधारित कोडॅक्रोममध्ये ती २५ झाली. एवढ्या मंद फिल्मवर रात्रीचे, हलते दृश्य टिपणे हौशी छायाचित्रकाराला फार अवघड होते. डिस्नीलँडमध्ये नाचण्याची प्रमुख जागा असलेले कार्नेशन प्लाझा गार्डन्स ऑगस्ट १९५६ मध्ये सुरू झाले आणि १९५७ च्या उन्हाळ्यापासून तेथे ‘डेट नाइट’ या नावाने रात्रीच्या नृत्याचे कार्यक्रम होऊ लागले. तरुण जोडप्यांनी वाद्यवृंदाच्या तालावर खऱ्या अर्थाने नाचण्याची वेळ ती होती. परंतु हौशी फिल्मला साजेसा उजेड दिवसा रस्त्यावर, बँडच्या मागोमाग वा मिरवणुकीच्या कडेला मिळे. तेथे नाचले जाई ते पोशाखी पात्रांसोबत, चार पावलांपुरते. परिणामी कौटुंबिक संग्रहांत दिवसाच्या नाचाचे पारडे जड राहिले. साधनाने केलेली ही निवड आपण काळाची निवड समजतो आणि पन्नास-साठच्या दशकांतील डिस्नीलँड म्हणजे उन्हात चाललेला निरागस नाच, अशी प्रतिमा मनात घर करून बसते.

या प्रतिमेला उद्यानाच्या रचनेनेही हातभार लावला. कोडॅक कंपनी उद्यानाच्या स्थापनेपासून तेथे सहभागी होती आणि तिचा हा संबंध २०१२ पर्यंत टिकला. छायाचित्र कोठून काढावे हे सांगणाऱ्या कोडॅकच्या पाट्या उद्यानात ठिकठिकाणी लावलेल्या असत. छायाचित्र काढण्याची जागा, त्यातील पार्श्वभूमी आणि त्यात येणारे पात्र हे सर्व आधीच योजलेले होते. पाहुण्याच्या वाट्याला आली ती कळ दाबण्याची कृती. असे असूनही नाचाचे छायाचित्र या योजनेतून थोडेसे निसटते. स्तब्ध उभे राहून घेतलेल्या छायाचित्रात सर्वजण कॅमेऱ्याकडे पाहतात. नाचाच्या छायाचित्रात मात्र पाहुण्याची नजर पात्राकडे असते, पाय हललेला असतो, हात धूसर आलेला असतो. रोलां बार्थ याने ‘कॅमेरा लुसिडा’ (१९८०) या ग्रंथात छायाचित्रातील सांस्कृतिक, सर्वसामान्य आशय आणि पाहणाऱ्याला अवचित टोचणारा तपशील यांत भेद केला आहे. नाचाच्या छायाचित्रांत हा टोचणारा तपशील बहुधा हाताच्या ठिकाणी सापडतो. माणसाची पाच बोटे चार बोटांच्या पांढऱ्या हातमोज्यात गुंतलेली असतात. त्या मोज्याच्या आत आणखी पाच बोटे आहेत, ही जाणीव होताच चित्राचा अर्थ बदलतो.

२. पोशाख आणि देह

डिस्नीलँडच्या प्रारंभीच्या दिवसांत पात्रांचे पोशाख उद्यानाचे स्वतःचे नव्हते. बर्फावरील स्केटिंगचे भव्य प्रयोग करणाऱ्या ‘आइस कपेड्स’ या संस्थेकडून ते उसने घेतले होते. उद्‌घाटनाच्या दिवशीची चित्रे पाहणाऱ्यास मिकीचा चेहरा ओबडधोबड, क्वचित भीतिदायकही वाटतो, त्यामागे हे एक कारण आहे. दुरून, रंगमंचीय प्रकाशात पाहण्यासाठी तयार केलेला मुखवटा भर दुपारी मुलाच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर आणला गेला होता. पुढे १९६० च्या दशकात ॲनिमेशनचे काम केलेल्या बिल जस्टिस यांच्यासारख्या कलावंतांनी पात्रांचे पोशाख नव्याने घडवले.

नाचाच्या दृष्टीने पाहता पोशाखाच्या इतिहासातील महत्त्वाचा प्रश्न चेहऱ्याचा नसून हाताचा आहे. सात बुटक्यांच्या जुन्या पोशाखांत कलावंताचे डोके बुटक्याच्या उंच टोपीच्या भागात असे. बुटक्याचा मोठा चेहरा छातीच्या पातळीवर येई आणि आखूड कृत्रिम हात बाजूला लोंबत राहत. अशा पात्राला डोलता येते, गिरकी घेता येते, परंतु कोणाचा हात हातात घेता येत नाही. याउलट मिकीच्या पोशाखात कलावंताचे हात हे पात्राचेच हात होते. म्हणून बुटके लोकांसमोर नाचतात, तर मिकी लोकांसोबत नाचतो. ‘समोर’ आणि ‘सोबत’ या दोन शब्दांतील अंतर पोशाखाच्या शिवणीने ठरवलेले आहे. अशी छायाचित्रे पाहताना प्रथम हे अंतर तपासावे, असे सुचवावेसे वाटते.

मराठी वाचकाजवळ या संदर्भात ‘सोंग’ हा अर्थपूर्ण शब्द आहे. सोंग घेणारा आणि घेतलेले सोंग ही दोन्ही आपल्या लोकपरंपरेत एकाच वेळी दिसत असतात. बोहाड्यात देवाचा मुखवटा चढवून नाचणारा माणूस गावातला असतो, तो कोण हे गावाला ठाऊक असते, आणि तरीही मुखवटा चढल्यावर त्याला देवाचा मान दिला जातो. जाणणे आणि मानणे यांत तेथे विरोध नाही. डिस्नीलँडच्या संकेतानुसार मात्र मुखवट्यामागे कोणीही नाही. तेथील पात्र लोकांसमोर बोलत नाही, मुखवटा कधीही काढत नाही. आत माणूस आहे याची कबुली दिली जात नाही. उद्यानाच्या परिभाषेत ग्राहक हा ‘पाहुणा’, कर्मचारी हा ‘नटसंचातील सदस्य’ आणि लोकांना दिसणारी सर्व जागा म्हणजे ‘रंगमंच’ होय. नाटकाची ही भाषा स्वीकारताना नटाचे नाव जाहीर करण्याची नाटकाची रीत मात्र पोशाखी पात्रांच्या बाबतीत पाळली गेली नाही. पॉल कॅसल हे याला अपवाद म्हणावे लागतील. साडेचार फूट उंचीचे हे स्केटिंगपटू आइस कपेड्समधून आले आणि १९६१ पासून सुमारे पाव शतक मिकीच्या पोशाखात वावरले. त्यांचे नाव आज नोंदीत आहे; परंतु हजारो आल्बममधील ‘आमच्यासोबत मिकी’ या नोंदीखाली त्यांचे नाव कोणी लिहिलेले असण्याचा संभव नाही.

३. ‘पाहुणा’ आणि विनातिकीट नृत्य

या नृत्याचे अर्थशास्त्रही लक्षात घेण्याजोगे आहे. १९५५ मध्ये उद्यानाचे प्रवेशशुल्क प्रौढांसाठी एक डॉलर होते. परंतु आतील प्रत्येक खेळासाठी वेगळे पैसे मोजावे लागत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कुपनांची पुस्तिका सुरू झाली. कुपनांचे अक्षरांनुसार वर्ग पाडलेले होते. १९५९ मध्ये त्यात सर्वांत आकर्षक खेळांसाठी ‘ई’ वर्गाची भर पडली. ही पद्धत १९८२ पर्यंत चालली. म्हणजे विचाराधीन कालखंडाच्या बहुतांश भागात उद्यानातील आनंद मोजून, फाडून, वर्गवारीने दिला जात होता. अशा ठिकाणी पात्रासोबत नाचायला कुपन लागत नसे. ते अचानक येई, हात पुढे करी आणि निघून जाई.

या वस्तुस्थितीतून दोन निष्कर्ष निघतात. एक असा की, पुस्तिकेतील कुपने संपलेल्या कुटुंबालाही जे मिळू शकत होते ते हेच. नाचाच्या छायाचित्रांतील चेहऱ्यांवर दिसणाऱ्या आश्चर्याचे एक कारण तेथे शोधता येईल. विकत घेतलेल्या गोष्टीचे समाधान आणि न मागता मिळालेल्या गोष्टीचे आश्चर्य ही चेहऱ्यावर वेगवेगळी उमटतात. दुसरा निष्कर्ष असा की, ही देणगी उद्यानाची असली तरी ती देण्याचे शारीरिक कष्ट पोशाखातील माणसाचे होते. पाहुण्याला फुकट मिळालेली गोष्ट कोणाच्या तरी कामाच्या तासांतून आलेली होती. ‘पाहुणा’ हा शब्द देवघेवीचा हा भाग झाकून टाकतो.

४. नृत्याचा नियम

आतापर्यंतचे विवेचन छायाचित्रांत जे दिसते त्याविषयी होते. जे दिसत नाही त्याचा विचार केल्यास प्रश्न अधिक गंभीर होतो. डिस्नीलँडच्या नृत्यभूमीवर कोणी कोणासोबत नाचावे यासंबंधी नियम होते आणि समलिंगी जोडीने नाचण्यास मनाई होती. सप्टेंबर १९८० मध्ये ‘टुमॉरोलँड टेरेस’ या ठिकाणी एकमेकांसोबत नाचणाऱ्या दोन तरुणांना सुरक्षारक्षकांनी उद्यानाबाहेर काढले. त्यांनी दावा दाखल केला. १९८४ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, परंतु तो त्या दोघांपुरता मर्यादित होता. १९८५ मध्ये उद्यानाने सर्वसाधारण बंदी मागे घेतली. तरीही १९८८ मध्ये, परस्परांना धरून नाचण्यास आपल्याला मज्जाव करण्यात आला अशी तक्रार घेऊन काही विद्यार्थी पुन्हा न्यायालयात गेले.

हा इतिहास समोर ठेवून त्याच कालखंडातील पोशाखी पात्रांच्या नृत्यछायाचित्रांकडे पुन्हा पाहिले पाहिजे. गूफी प्रौढ पुरुषाच्या कमरेत हात घालून गिरकी घेतो, मिनी एखाद्या आजीबाईला नाचवते, मिकी आधी आईसोबत आणि मग वडिलांसोबत पावले टाकतो, या प्रकारच्या दृश्यांना हरकत घेण्याचा प्रश्नच उद्‌भवत नव्हता. मिकी हे पुरुषपात्र असल्याने त्याने पुरुषासोबत नाचणे नियमाच्या शब्दार्थाला धरून नव्हते. परंतु तो उंदीर होता, खोटा होता, आणि म्हणून निरुपद्रवी होता. त्याहून महत्त्वाची बाब अशी की, पात्राचे लिंग आणि पोशाखातील व्यक्तीचे लिंग एकच असले पाहिजे असा संकेत नव्हता. मिकीचा पोशाख लहान चणीच्या व्यक्तीसाठी असल्याने त्याच्या आत अनेकदा स्त्री असे. तिने एखाद्या स्त्री-पाहुणीसोबत नाचावे, त्याचे छायाचित्र निघावे आणि ते कुटुंबाच्या आल्बममध्ये अभिमानाने लागावे, हे सर्व घडत असताना तीच कृती मुखवट्याविना करणाऱ्या दोघांना रक्षक बाहेर नेऊ शकत होते.

यावरून मुखवट्याच्या कार्याविषयी एक विधान करता येते. मुखवटा येथे स्वातंत्र्य निर्माण करतो. परंतु ते स्वातंत्र्य माणसाला न देता पात्राला देतो. मिखाइल बाख्तिनने राब्लेवरील आपल्या ग्रंथात (१९६५) मध्ययुगीन कार्निव्हलचे वर्णन करताना तेथे प्रयोग करणारे आणि पाहणारे असा भेद उरत नाही, असे प्रतिपादन केले आहे. डिस्नीलँडच्या रस्त्यावरील नाचात हा भेद काही क्षण पुसला जातो, हे मान्य केले पाहिजे. तथापि कार्निव्हलमध्ये मुखवटा कोणीही चढवू शकतो. येथे मुखवट्याची मालकी एका कंपनीकडे आहे. कार्निव्हल नियम उलटे करतो. येथे नियम जागच्या जागी राहतात आणि त्यांना ओलांडण्याचा आभास केवळ पात्राच्या वाट्याला येतो. छायाचित्रातील निरागसता या अर्थाने रक्षित निरागसता आहे. तिच्या सीमेवर पहारा आहे आणि तो चौकटीबाहेर ठेवलेला आहे.

५. चेहरा हाच मुखवटा

मुखवटा असलेल्या पात्रांसोबतच उद्यानात चेहरा उघडा असलेली पात्रेही होती. त्यांपैकी एका पात्राचा उल्लेख येथे आवश्यक ठरतो. १९५५ मध्येच सुरू झालेल्या ‘आंट जेमायमा’ या पॅनकेकच्या उपाहारगृहात अ‍ॅलीन लुईस ही कृष्णवर्णीय अभिनेत्री त्या नावाच्या स्वयंपाकीणबाईंची भूमिका करीत असे. डोक्याला रुमाल बांधलेली, हसतमुख, सदैव वाढण्यास तत्पर अशी ही प्रतिमा गुलामगिरीच्या काळातील घरकामकरी स्त्रीच्या साच्यातून आलेली होती. १९६४ मध्ये निधन होईपर्यंत लुईस यांनी ही भूमिका केली व असंख्य पाहुण्यांसोबत छायाचित्रे काढून घेतली. भारतीय वाचकाला विशेष वाटावे असे की, नोव्हेंबर १९६१ मध्ये पंतप्रधान जवाहरलाल नेहरू आणि इंदिरा गांधी यांनी डिस्नीलँडला भेट दिली, आणि लुईस यांनी ज्या मान्यवरांना वाढले त्यांत नेहरूंचे नाव घेतले जाते. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाच्या नेत्याचे स्वागत वंशभेदाच्या जुन्या प्रतिमेने व्हावे, यातील विसंगती निराळी सांगण्याची गरज नाही.

मिकी आणि आंट जेमायमा यांच्या छायाचित्रांची तुलना उद्‌बोधक ठरते. मिकीचा पोशाख दिवसाअखेर उतरवून ठेवता येतो आणि आतील माणूस गर्दीत मिसळून जातो. लुईस यांचा चेहरा हाच त्यांचा मुखवटा होता. पाहुण्याला पात्र आणि व्यक्ती यांत भेद करण्याची गरज भासली नसावी. कारण हा साचा समाजात आधीपासूनच रूढ होता. एका ठिकाणी माणूस मुखवट्याआड अदृश्य होतो, दुसऱ्या ठिकाणी तो स्वतःच्या चेहऱ्याआड अदृश्य होतो. ज्या नाममुद्रेवरून हे पात्र आले ती वांशिक साच्यावरील टीकेनंतर २०२१ मध्ये बाजारातून मागे घेण्यात आली. छायाचित्रे मात्र आल्बममध्ये तशीच आहेत. त्यांना नष्ट करणे वा लपवणे हा मार्ग नव्हे. त्यांतील स्त्रीचे नाव चित्राखाली लिहिणे, हे समीक्षेला करता येण्याजोगे पहिले काम आहे.

६. तिसरी व्यक्ती : श्रमाचा प्रश्न

आर्ली हॉकशील्ड यांनी ‘द मॅनेज्ड हार्ट’ (१९८३) या ग्रंथात हवाई सुंदरींच्या कामाचा अभ्यास करून ‘भावनिक श्रम’ ही संकल्पना मांडली. हसू हा जेव्हा नोकरीचा भाग होतो तेव्हा कर्मचाऱ्याला स्वतःच्या भावनेचेच व्यवस्थापन करावे लागते, असे त्यांच्या विवेचनाचे सूत्र आहे. पोशाखी पात्राच्या बाबतीत ही संकल्पना थोडी बदलून वापरावी लागते. येथे चेहऱ्यावर हसू कायमचे रंगवलेले आहे. आतील चेहरा घामेजलेला, थकलेला वा रडवेला असला तरी कोणाला कळणार नाही. त्यामुळे भावना दाखवण्याचे सर्व काम चेहऱ्याकडून देहाकडे सरकते. मान कलती करणे, दोन्ही हात पसरणे, तोंडावर पंजा ठेवून लाजणे, आणि सर्वांत मुख्य म्हणजे नाचणे. पोशाखातील व्यक्ती बोलू शकत नाही, तिला नीट दिसत नाही आणि पाहुण्याला तिचा चेहरा दिसत नाही. उरतो तो स्पर्श आणि ताल. नाच ही या मूक पात्राची भाषाच होय.

या भाषेची किंमत छायाचित्रात उमटत नाही. ती कामगारांच्या मागण्यांत उमटते. फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्ड येथे पोशाखाखाली घालावयाचे आतले कपडे कलावंतांना सामायिक वापरावे लागत. त्यातून त्वचेच्या संसर्गाच्या तक्रारी आल्या आणि २००१ मध्ये संघटनेने केलेल्या करारानुसार प्रत्येकाला स्वतंत्र कपडे देण्याचे मान्य झाले. फेब्रुवारी २००४ मध्ये तेथेच प्लूटोच्या पोशाखातील एका कलावंताचा मिरवणुकीच्या वाहनाखाली सापडून मृत्यू झाला. कॅलिफोर्नियातील मूळ डिस्नीलँडमधील पात्रे व मिरवणुकीतील कलावंत अशा सुमारे १,७०० जणांनी संघटित होण्यासाठी मे २०२४ मध्ये मतदान घेतले आणि मतदान करणाऱ्यांपैकी सुमारे ७९ टक्के जणांनी संघटनेच्या बाजूने कौल दिला. उद्यान सुरू होऊन ६९ वर्षे होत आली होती. मुखवट्यामागे कोणी नाही, या संकेताचे आयुष्य एवढे दीर्घ ठरले.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, अशा वाचनाने छायाचित्रातील आनंद हिरावला जातो. झां बोद्रियार याने ‘सिम्युलाक्रा अँड सिम्युलेशन’ (१९८१) मध्ये डिस्नीलँडचे जे विश्लेषण केले आहे, त्याबाबत हा आक्षेप काही अंशी योग्य ठरतो. बाकीचा देश खरा वाटावा म्हणून डिस्नीलँड काल्पनिक म्हणून मांडलेले आहे, हे त्याचे प्रतिपादन सुप्रसिद्ध आहे. परंतु त्याच्या विवेचनात चिन्हे आहेत, प्रतिकृती आहेत. माणसे जवळजवळ नाहीत. नाचाच्या छायाचित्रात मात्र दोन हात एकमेकांत असतात आणि ते दोन्ही खरे असतात. मुलाला झालेला आनंद खोटा नाही. पोशाखातील व्यक्तीलाही तो नाच आवडला असण्याची शक्यता नाकारण्याचे कारण नाही. करोनाच्या साथीत मार्च २०२० मध्ये उद्यान बंद झाले, एप्रिल २०२१ मध्ये उघडल्यावरही पात्रे दूर अंतरावरच उभी राहत, आणि एप्रिल २०२२ मध्ये मिठी मारण्याची, हात धरण्याची मुभा परत आली. उद्यान उघडल्यानंतरच्या काळात पात्रे दिसत होती, चिन्हे शाबूत होती. उणीव होती ती स्पर्शाची. लोकांना चिन्ह पुरेसे असते तर ही उणीव जाणवली नसती.

समारोप

उपरोक्त विवेचनातून काही निष्कर्ष मांडता येतात. पहिला असा की, डिस्नीलँडमधील जुन्या नृत्यछायाचित्रांतून दिसणारा काळ हा फिल्मची क्षमता, कोडॅकच्या पाट्या आणि पोशाखाची रचना यांनी निवडलेला काळ आहे. तो समग्र मानता येत नाही. दुसरा असा की, या छायाचित्रांतील मोकळेपणा पात्राला दिलेला होता आणि तोच मोकळेपणा माणसांना १९८५ पर्यंत, व काही अंशी त्यानंतरही, नाकारला गेला. तिसरा असा की, मुखवट्याआड गेलेली व्यक्ती आणि साचेबंद चेहऱ्याआड गेलेली व्यक्ती या दोघींची अनुपस्थिती हाच या छायाचित्रसंग्रहाचा सर्वांत मोठा समान धागा आहे.

या निष्कर्षांचे महत्त्व एका उद्यानापुरते मर्यादित नाही. सेवाक्षेत्रात, विक्रीकेंद्रांत, समारंभांच्या आयोजनात पोशाख घालून लोकांना आनंद देण्याचे काम करणारा वर्ग आज सर्वत्र आहे. आपल्या महाविद्यालयांतून शिकून बाहेर पडणारे विद्यार्थीही त्या वर्गात आहेत. त्यांच्या श्रमाची नोंद ज्या चित्रांत होते त्या चित्रांत त्यांचे नाव नसते. दृश्यसंस्कृतीच्या अभ्यासकाने जुने छायाचित्र हाती घेताना काळ, स्थळ आणि पात्र यांच्या नोंदीबरोबर ‘आत कोण होते’ हा रकानाही ठेवावा. तो बहुतेक वेळा रिकामा राहील. परंतु रकाना आहे आणि तो रिकामा आहे, एवढे दिसले तरी पुढील अभ्यासकाला प्रश्न कोठे विचारायचा हे कळेल.